वार पडल्यानंतरचे दोन तास

रात्रीचे सव्वाअकरा वाजलेत. बेज्जूरच्या सरकारी दवाखान्याच्या पायरीशी एकशे दोनची गाडी येऊन थांबते आणि मागचं दार उघडेपर्यंत पावसाची सर पुन्हा कोसळते. आधी माय उतरते. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, काखेत गाठोडं. तिच्यामागे आशाताई, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड. मग पोरगी. तिचा एक पाय पायरीवर टेकतो आणि कळ येते. दाराची कड धरून ती तशीच उभी राहते. तिला कुणी ओढत नाही, ‘चल, चल’ म्हणत नाही. आशाताई तिच्या कमरेला हात देऊन म्हणतात, “येऊ दे. गेली का मंग उतर.” कळ ओसरते. पोरगी आपल्या पायांनी चालत आत येते.

बेज्जूर म्हणजे जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. २०१६ पासून कागदोपत्री जिल्हा वेगळा, कुमरम भीम आसिफाबाद. पुढे जंगल, जंगलापुढे प्राणहिता, आणि प्राणहितेपलीकडे गडचिरोलीतला अहेरी तालुका. दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत. या पोरीचं माहेर याच मंडलातलं, सासर नदीपलीकडचं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला सातव्यातच इकडे आणलेलं. कार्ड मात्र तिकडचं, मराठीत भरलेलं.

सिस्टर करीमनगरकडच्या. शाळेत हिंदी शिकल्यामुळे त्यांना देवनागरी वाचता येते. दिव्याखाली कार्ड धरून त्या एकेका रकान्यावर बोट फिरवतात. रक्तगट. बीपी, चार वेळा घेतलेलं. सिकलसेलची तपासणी झालेली, दोष नाही. नदीच्या दोन्ही बाजूंना हा आजार असल्यामुळे तो रकाना त्या दोनदा पाहतात. मग बोट हिमोग्लोबिनवर थांबतं. ९.२.

“गोळ्या खाल्ल्या का रोज?”

पोरगी मान खाली घालते. “मळमळे, सिस्टर. मंग सोडल्या.”

सिस्टर रागावत नाहीत. बोटाला सुई टोचून पुन्हा रक्त तपासतात. ९.१. आशाताईंकडे वळून, तेलुगू हेल असलेल्या मराठीत सांगतात, “रक्त कमी आहे. म्हणून जास्त जाऊ द्यायचं नाही. बस.”

मला आत येऊ द्यायचं की नाही, हे सिस्टर आधी पोरीला विचारतात, मग तिच्या मायला. दोघी हो म्हणतात. मग मला चपला बाहेर काढायला लावून, कोपरापर्यंत हात धुवायला लावून, भिंतीशी एक स्टूल दाखवला जातो. तिथून हलायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही.

बाळंतपणाच्या खोलीत काही घडायच्या आधी जे घडतं ते पाहण्यासारखं आहे. एएनएम बाई निर्जंतुक केलेले ट्रे मांडतात. राष्ट्रीय नियमावलीत असे सात ट्रे सांगितलेले आहेत: बाळंतपणाचा, टाक्यांचा, बाळाचा, औषधांचा, तातडीच्या औषधांचा आणि आणखी दोन. आज लागणारे त्या पुढे घेतात, बाकीचे मागे ठेवतात. बाळाच्या कोपऱ्यातला वॉर्मर आत्ताच चालू करून पाहतात. प्रत्यक्ष वेळेच्या अर्धा तास आधी तो तापलेला लागतो. बाळाला श्वास द्यायची पिशवी उचलून मास्क स्वतःच्या तळहातावर दाबतात आणि पिशवी पिळतात. हाताला हवेचा दाब लागतो. मास्क दोन मापांचे आहेत, पुऱ्या दिवसांच्या बाळाचा आणि कमी दिवसांच्या बाळाचा. दोन्ही पाहून होतात. शेवटी फ्रिज उघडून ऑक्सिटोसिन कुठल्या कप्प्यात आहे ते नुसतं बघून घेतात आणि दार लावतात. हे औषध २ ते ८ अंशांत राहिलं तरच नीट काम करतं. उन्हाळ्यात कपाटात पडलेली कुपी दिसायला तशीच दिसते, पण ऐन वेळी दगा देते. वार पडताना रक्त थांबवण्याचं पहिलं काम याच औषधाचं. म्हणजे बाईचा जीव वाचवण्याची सुरुवात फ्रिजच्या दारापासून होते, आणि वीज गेल्यावर तो फ्रिज कशावर चालतो या प्रश्नापासूनही.

पोरीला झोपवून ठेवलेलं नाही. ती चालते आहे. खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, मायच्या खांद्यावर हात टाकून. कळ आली की भिंतीला दोन्ही तळहात लावून वाकते आणि माय तिची कंबर चोळते. थकली की डाव्या कुशीवर पडते. तहान लागली की पाणी, मध्येच साखरेचा चहा. मी स्टूलावरून हे पाहते आणि माझ्या गळ्याशी काहीतरी दाटतं. माझ्या बाळंतपणात मला उठू दिलं नव्हतं, आईला दाराबाहेर बसवलं होतं, आणि का, हे कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याशा शहरातली ती गोष्ट. इथे या कोपऱ्यातल्या दवाखान्यात एक माय आपल्या लेकीची कंबर चोळते आहे आणि तिथे ती असणं हाच उपचाराचा भाग मानलेला आहे. तेलंगणाने २०१७ साली करीमनगरला ३० परिचारिकांच्या तुकडीला दीड वर्षाचं सुईणपणाचं रीतसर शिक्षण द्यायला घेतलं, तेव्हा त्यातली मोठी शिकवण हीच होती: बाईला मोकळं ठेवा, तिच्याशी बोला, घाई करू नका. आमच्या सिस्टर त्या तुकडीतल्या नाहीत. पण चांगली रीत एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि इथवर ती पोचलेली दिसते.

टेबलावर बाळंतपण किती पुढे सरकलं ते नोंदवायचा एक छापील कागद आहे, त्यावर चौकटी आणि दोन तिरक्या रेषा. दर अर्ध्या तासाला सिस्टर बाळाचे ठोके ऐकतात आणि ठिपका देतात. १३८. १४२. १३६. डॉपलरचा तो धावता आवाज खोलीत घुमतो तेव्हा माय कंबर चोळायची थांबते. “आइकलं का?” सिस्टर विचारतात. पोरगी डोळे मिटून हसते.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं होतं. पुन्हा तपासायचं ते चार तासांनी. मधल्या वेळात सिस्टरांच्या डोक्यात काय चाललंय ते त्या बोलून दाखवत नाहीत, पण त्यांचे डोळे तीन ठिकाणी फिरत राहतात: कागदावरची पहिली तिरकी रेषा, भिंतीवरचं घड्याळ, आणि खिडकीबाहेरचा पाऊस. रेषा ओलांडली तर पोरीला इथून हलवावं लागेल. शस्त्रक्रियेची खोली इथे नाही, रक्ताची पिशवी इथे नाही; प्राथमिक आरोग्य केंद्रात ती नसतेच. जायचं म्हणजे आधी कागजनगर, आणि तिथेही भागलं नाही तर पुढे आसिफाबाद किंवा मंचिर्याल. वाट जंगलातून, ओढ्यांवरून, आणि आज रात्रभर पाऊस.

तेलंगणात ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: या राज्यात १०० पैकी जवळजवळ ६१ बाळं पोट चिरून जन्मतात, देशात सर्वाधिक. खासगी दवाखान्यांत तर ८० च्या वर. एकीकडे ज्यांना गरज नाही त्यांचं पोट चिरलं जातं, आणि दुसरीकडे जिला अर्ध्या रात्री खरंच गरज पडेल तिच्यासाठी शस्त्रक्रिया जंगल ओलांडल्यावर मिळते. दोन्ही गोष्टी एकाच राज्याच्या, एकाच सरासरीत. ९७ हा आकडा मी कमी लेखत नाही. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी फुकट झाली. २०१७ पासून तेलंगणाने बाळंतिणीला मुलगा झाला तर १२ हजार आणि मुलगी झाली तर १३ हजार रुपये आणि बाळाच्या सामानाचा संच द्यायला सुरुवात केली. त्यातून बाया सरकारी दवाखान्याच्या पायरीपर्यंत आल्या. नदीपलीकडे महाराष्ट्राने आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांशेजारी ‘माहेरघर’ उभं केलं, तारखेच्या चार-पाच दिवस आधी बाईने येऊन राहावं म्हणून. हे सगळं पायरीपर्यंतचं. पायरी चढल्यावर तिच्याशी काय होतं, ते या खोलीत ठरतं.

वीज जाते. दोन क्षण काळोख, मग इन्व्हर्टरचा दिवा. एएनएम बाई काही न बोलता टॉर्च काढून ट्रेपाशी ठेवतात.

पावणेचारला सिस्टर पुन्हा तपासतात. नऊ सेंटिमीटर. ठिपका रेषेला टेकतो, ओलांडत नाही. तरीही त्या डॉक्टरांना फोन लावतात आणि गाडीवाल्याला उठवून गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायला सांगतात. डॉक्टर आवारातच राहतात. तरुण आहेत, ओल्या केसांनी येतात, पोटावर हात ठेवतात, सिस्टरांना विचारतात, “तुमचं काय मत?” मला हा प्रश्न फार आवडतो.

“होईल इथेच,” सिस्टर म्हणतात.

आता पोरगी रडते आहे. रात्रभर तेलुगू-मराठी दोन्ही भाषांत बोलणारी, आता फक्त घरच्या भाषेत. “माय वं… मले नाही होत… मले भेव वाटते.”

“भेव नको, अम्मा. मी आहे. मेल्लगा, मेल्लगा…” सिस्टरही आपल्या घरच्या भाषेत हळू, हळू म्हणत राहतात. कुणी ओरडत नाही. मांडीवर चापट नाही, पोट दाबणं नाही. पोट दाबून बाळ ढकलायची रीत कितीतरी ठिकाणी अजून चालते, तिने गर्भपिशवी फाटू शकते. इथे माय नकळत पोटाकडे हात नेते तेव्हा सिस्टर तो हात उचलून लेकीच्या कपाळावर ठेवतात. कळ येते, पोरगी जोर करते. कळ जाते, सिस्टर ठोके ऐकतात. १३०. १२४. १०८. तिसरा आकडा ऐकून डॉक्टर वॉर्मरपाशी जाऊन उभे राहतात. पंखा बंद केला जातो.

चार वाजून बावन्न मिनिटं. डोकं येतं. मानेभोवती नाळेचा एक सैल वेढा, सिस्टर तो बोटाने सोडवतात. मग खांदा, मग सगळंच एकदम. “आड पिल्ला,” एएनएम बाई वेळेसकट मोठ्याने सांगतात. मुलगी.

मुलगी रडत नाही.

ती निळसर आहे, आणि तिचे हातपाय लोंबतात. सिस्टर तिला पोरीच्या पोटावरच्या कोरड्या कापडात पुसतात, पाठ चोळतात, ओलं कापड टाकून दुसरं घेतात. काही नाही. चिमटे, कात्री, नाळ कापली. तीन पावलांत वॉर्मर. खांद्याखाली घडी, मान जराशी मागे. तोंड साफ, मग नाक. तळपायाला टिचकी. काही नाही. मास्क. सिस्टरांचा डावा हात हनुवटीशी, उजवा पिशवीवर. दाबा, सोडा. दाबा, सोडा. ती एवढीशी छाती वर येते, खाली जाते. डॉक्टर बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप धरून दुसऱ्या हाताचं बोट हवेत आपटत राहतात, एक ठोका एक बोट, म्हणजे सिस्टरांना न विचारता कळतं की हृदय चालू आहे. मी घड्याळाकडे बघते आणि बघवत नाही.

याच वेळी, पाठीमागे, एएनएम बाईंनी पोटावरून हात फिरवून आत दुसरं बाळ नाही याची खात्री केलीय आणि पोरीच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिट दिलेत. बाळ जन्मल्यापासून एक मिनिट उलटायच्या आत. कुणी त्यांना सांगितलं नाही. या खोलीत आत्ता दोन रुग्ण आहेत, आणि दोघींनाही त्याच एका मिनिटात कुणीतरी हवं आहे. रात्रपाळीला एकच सिस्टर असती तर तिने कुणाकडे पाठ केली असती? पदं भरणं, बदल्या, रजा हा सगळा कचेरीतला विषय वाटतो; तो इथे, या तीन पावलांत येऊन उभा राहतो.

आधी एक उचकीसारखा आवाज. मग दुसरा. मग ओठ थरथरतात आणि मुलगी रडते, बारीक, चिडलेल्या मांजरीसारखी, आणि मग चांगली खणखणीत.

“रडली! रडली माय!” आजी झालेली माय जमिनीवरच बसते. सिस्टर पिशवी बाजूला करतात, पण हात काढत नाहीत. श्वास मोजतात. रंग बघतात. ओठ, मग जीभ गुलाबी झाल्यावर मुलीला उचलून पोरीच्या छातीवर, कातडीला कातडी लागेल अशी ठेवतात आणि वरून दोघींना पांघरूण घालतात. सिस्टरांच्या कपाळावरचा घाम मला आत्ता दिसतो.

ही पिशवी दाबायला शिकवणारं प्रशिक्षण सरकारने २००९ पासून देशभर द्यायला घेतलं. पण अशा बाळाला श्वास देणं हे फक्त मोठ्या रुग्णालयातच जमेल, हा समज त्याआधीच खोटा ठरला होता, तोही नदीपलीकडच्या जिल्ह्यात. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं. बाळाला श्वास देणं, ऊब देणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं त्यांना शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या ४७ गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि २०११ मध्ये देशभरच्या आशांनी घरी जाऊन बाळ तपासायचा कार्यक्रम त्यातूनच सुरू झाला. आपल्या आशाताई ज्या कामाला परवापासून लागणार आहेत ते काम.

पाच वाजता वार पडते. सिस्टर ती ट्रेमध्ये उलटीपालटी करून पाहतात, तुकडा आत राहिला नाही ना. बाहेर बसलेल्यांच्या लेखी आता सगळं झालं. पोरीचा भाऊ दारातून विचारतो, चहा आणू का. गाडीवाला गाडी जागेवर लावायला निघतो. सिस्टर त्याला हाताने थांबवतात. “राहू दे. सात वाजेपर्यंत.”

आणि त्या स्टूल ओढून पोरीच्या पायथ्याशी बसतात.

मी आज ज्यासाठी लिहिते आहे ते हे दोन तास. यात काही घडत नाही. दर पंधरा मिनिटांनी सिस्टर बेंबीखाली हात ठेवून गर्भपिशवी चाचपतात. ती चेंडूसारखी टणक लागली पाहिजे. नाडी घेतात, बीपी घेतात, पॅड बघतात, कागदावर लिहितात. रात्रभर जागलेल्या माणसाला सगळ्यात अवघड काम हे, कारण ते सोडून दिलं तर दहातल्या नऊ वेळा काही बिघडत नाही. आणि बाळंतपणात मरणाऱ्या बायांपैकी कितीतरी जणी याच वेळात जातात, दवाखान्याच्या खाटेवर, पांघरूण घेतलेल्या, शेजारी बाळ. आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण रक्त पांघरुणाखाली वाहत असतं आणि सगळे बाळाचं नाक कोणावर गेलं ते बघत असतात.

सव्वापाच: टणक. साडेपाच: टणक. पावणेसहा: सिस्टरांचा हात थांबतो.

पांघरूण दूर होतं. पॅड भिजलेला आहे. “डॉक्टरांना बोलवा,” एवढंच म्हणून त्यांचा हात पोटावर गोल गोल फिरू लागतो, जोराने. पोरगी विव्हळते. एक मोठी गाठ बाहेर पडते. “लघवीला जाऊन आली का?” नाही. नळी घालून मूत्राशय मोकळं केलं जातं. भरलेलं मूत्राशय गर्भपिशवीला आकसू देत नाही. हातातली सुई रात्रीच लावून ठेवलेली होती, आता त्यातून ऑक्सिटोसिन घातलेलं सलाईन सुरू होतं. डॉक्टर येतात, आत कुठे फाटलं नाही ना ते बघतात. सगळं मिळून किती वेळ? फार नाही. मायने अजून विचारायलाही तोंड उघडलेलं नाही. सिस्टरांचा हात थांबतो, चाचपतो. टणक.

“किती गेलं असेल?” मी बाजूला डॉक्टरांना विचारते. ते खांदे उडवत नाहीत, भिजलेले पॅड मोजतात, गाठ बघतात, आणि म्हणतात, “साडेतीनशे, चारशे. पण डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी येतो.” हे खरं आहे, आणि त्यावरचा उपाय आपल्याच सीमाभागात निघालेला आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी कमरेखाली पसरायची, खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी तयार केली होती, एका अभ्यासासाठी. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायांवर झालेला तो अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: एएनएमनी बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर येतो. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत, ८० रुग्णालयांत, अशाच मापाच्या पिशवीने रक्त मोजून लगेच सगळे उपचार एकदम सुरू केले, तेव्हा गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. तो अहवाल २०२३ चा. यंत्र म्हणावं असं त्यात काहीच नाही. मापाच्या खुणांची पिशवी आणि ती बघायला शेजारी माणूस.

पण नुसत्या यादीने होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. उत्तर प्रदेशात २०१४ ते २०१६ या काळात १२० सरकारी केंद्रांत मोठा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांतल्या सिस्टरांना सुरक्षित बाळंतपणाची तपासयादी दिली, महिनोन्‌महिने जाऊन मार्गदर्शन केलं. त्यांचं काम सुधारलं. मृत्यू कमी झाले नाहीत. तो अहवाल वाचला तेव्हा मी अस्वस्थ झाले होते. आज या स्टूलावर बसून त्याचा अर्थ मला जरा जास्त कळतो. यादीतल्या चौकटीत खूण करता येते. पण पिशवी दाबायचा सराव, गार ठेवलेलं औषध, खोलीतलं दुसरं माणूस, तोंड रस्त्याकडे केलेली गाडी आणि पलीकडे रक्त मिळेल याची खात्री हे सगळं एका वेळी नसेल तर ती खूण एकटी कुणाला वाचवत नाही. आज इथे यातलं बरंचसं होतं. रक्त नव्हतं. चारशेचं आठशे झालं असतं तर काय, हे मी विचारते. डॉक्टर खिडकीबाहेर ओल्या रस्त्याकडे बोट करतात.

सहा. टणक. सव्वासहा. टणक. बाहेर उजाडलंय, पाऊस थांबलाय.

मधल्या वेळात मुलीने आपलं काम सुरू केलंय. छातीवर पडल्या पडल्या तोंड वळवून ती स्तन शोधते आहे. आजीच्या गाठोड्यातून मधाची बाटली निघते. आशाताई ती हळूच परत गाठोड्यात घालतात. “काकू, आता फकत मायचं दूध. हे पिवळं हाय ना, हेच पयलं औषध.”

“आमच्या वक्ती तं पिळून फेकत,” आजी म्हणते.

“तुमच्या वक्ती किती लेकरं जगली, काकू?”

आजी गप्प राहते. मग हातांची बोटं दाखवते, दोन. आणि बाजूला तीन. तीन कोणती, हे कुणी विचारत नाही. थोड्या वेळाने ती स्वतःच लेकीच्या पाठीमागे उशी सरकवते, म्हणजे तिला नीट पाजता येईल. आंघोळीचं पाणी तापवायचा विषयही आशाताई असाच मिटवतात: आज नाही, ऊब जाते.

सात वाजता सिस्टर शेवटची नोंद करतात आणि गाडीवाल्याला खूण करतात. मुलीचं वजन होतं. दोन किलो तीनशे. अडीचच्या खाली. सिस्टर आशाताईंना बोलावून काटा दाखवतात. व्हिटॅमिन ‘के’चं इंजेक्शन दिलं जातं, बीसीजी, पोलिओचा डोस, काविळीची लस घरी जायच्या आत.

घरी जाण्यावरूनच आता वाद आहे. भावाला दुपारीच न्यायचंय. धानाची रोवणी चालू आहे, मजूर लागलेत, आईविना घरी स्वयंपाकाला कुणी नाही. पोरगी बोलतेय, बाळ पितंय, मग इथे काय करायचं? मला त्याचं म्हणणं चूक वाटत नाही. एका दिवसाची रोवणी हातची गेली तर काय होतं ते त्याला माहीत आहे, मला नाही. सिस्टर त्याला नियम सांगत नाहीत. कागद दाखवतात. पावणेसहाच्या ओळीवर बोट ठेवतात. “ही वेळ घरी असती तर?” भाऊ कागदाकडे बघतो, बहिणीकडे बघतो. ४८ तास ठरतात. मायने थांबायचं, स्वयंपाकाला शेजारची बाई, आणि इथे दोघींना जेवण दवाखान्याचं.

आशाताई दाराबाहेर व्हरांड्यात बसून वहीत तारखा लिहितात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. तिसऱ्या दिवशी मुलगी दवाखान्यातून सुटलेली असेल. वजन कमी म्हणून मध्ये आणखी फेऱ्या. दर वेळी वजन, ताप, मिनिटाला श्वास किती. ६० च्या वर गेले तर लगेच इथे. या सगळ्या फेऱ्यांचे केंद्राच्या योजनेत मिळून २५० रुपये. गाव ओढ्यापलीकडे आहे. पाऊस वाढला तर कसं जाणार, मी विचारते. “पाणी उतरलं का जातो. नाही तं फोनवर छाती दाखव म्हणतो, श्वास मोजून घेतो.”

मग त्यांना काहीतरी आठवतं. सव्वा महिना झाला की पोरगी सासरी जाणार, आणि दीड महिन्याची लस तिकडे. कार्ड महाराष्ट्राचं, जन्माची नोंद तेलंगणाची; दोन्ही याद्यांच्या मधून मूल निसटायला वेळ लागत नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला तिकडच्या आशाचा नंबर आहे. आशाताई फोन लावतात. नदीपलीकडे घंटी वाजते.

“हालो, ताई? बेज्जूरहून बोलून राहिली मी. तुमच्या गावची सून हाय ना, पयलटकरीण… हाव, हाव, तीच. झाली रात्री. पोरगी हाय. लिहा. वजन दोन किलो तीनशे. जल्मली तवा रडली नव्हती, मंग रडली. हे लिहून ठेवा, लाल शाईनं. आणि बाईचं रक्त कमी हाय, गोळ्या सोडल्या होत्या तिनं. मळमळते म्हणते. रात्री जेवण करून खाय म्हणा, सकाळी नोको. तुम्ही कोणत्या वारी लस देता?”

पलीकडून उत्तर येतं. आशाताई वहीच्या समासात वार लिहितात आणि म्हणतात, “थांबा, तारीख काढून सांगतो.”